लढाईत जिंकलो, तहात हरलो? एका लोकप्रिय वाक्याचा प्रतिवाद

‘मराठा लढाईत जिंकतो आणि तहात हरतो’ हे वाक्य आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडे लहानपणापासून कानावर पडते. सध्या ते एका लांबलचक मजकुराच्या माथ्यावर बसून मोबाइलवरून फिरत आहे. पुरंदर, वसई, कित्तूर, युक्रेन आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा महाजन आयोग अशी पाच उदाहरणे देऊन तो मजकूर सांगतो की कागद हा दुबळ्यांसाठी असतो, जग फक्त ताकद ओळखते, आणि म्हणून सीमाप्रश्नाचा न्यायालयातला दावा काय किंवा मराठीतून कागदपत्रे मिळावीत म्हणून केलेले अर्ज काय, हे सगळे वेळ घालवणे आहे. माझ्या ओळखीच्या चांगल्या शिकलेल्या माणसांनी तो मान डोलावत पुढे पाठवला, म्हणून त्यातला प्रत्येक मुद्दा तपासणे मला गरजेचे वाटते.

आधी पुरंदर. जून १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी मिर्झाराजे जयसिंहांशी तह केला, तेव्हा ते लढाई जिंकत नव्हते. वज्रगड पडला होता, मुरारबाजी धारातीर्थी पडले होते आणि मोगल फौजा मुलूख जाळत होत्या. अशा वेळी २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख देऊन महाराजांनी १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख राखला. हरत आलेला डाव जिथे थांबवला गेला, त्या जागेला हार म्हणणे मला पटत नाही. आग्र्याहून सुटून आल्यावरही त्यांनी लगेच युद्ध पुकारले नाही. मोगलांशी शांतता ठेवून त्या अवधीत राज्याची घडी बसवली आणि १६७० मध्ये सिंहगडापासून एकेक किल्ला परत घेतला. राखलेले १२ किल्ले हाती नसते, तर ही उसंत कोणत्या पायावर मिळाली असती?

वसईच्या तहाचे उदाहरण तर मूळ वाक्यालाच लागू पडत नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबरला वसईत सही केली. म्हणजे लढाई हरलेला माणूस तहाला बसला होता, आणि त्याला हरवणारेही मराठेच होते. पण या तहाच्या अटी प्रत्येकाने एकदा वाचाव्यात. ईस्ट इंडिया कंपनीचे किमान ६,००० पायदळ पेशव्यांच्या मुलखात कायम राहील, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला जाईल, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेले वाद इंग्रजांच्या लवादाने सुटतील आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय पेशवे दुसऱ्या सत्तेशी बोलणी करणार नाहीत. ज्या फौजेने पुढे पेशवाई बुडवली, तिच्या पगाराची सोय याच कागदाने केली. कागद दुबळा असता तर हे घडले नसते. तो भलताच बळकट होता, फक्त आपल्या बाजूने लिहिलेला नव्हता.

ज्या उदाहरणावर हा मजकूर उभा राहू शकला असता, ते त्यात नाहीच. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी मुंबईकर इंग्रजांची फौज कोंडून शरण आणली आणि तह लिहून घेतला. इंग्रजांनी घेतलेली मुंबईजवळची साष्टी परत मिळणार होती. पण सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता असे सांगून कंपनीने तो तह झिडकारला. लढाईत जिंकून तहात हरणे म्हणतात ते इथे झाले, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पुढचे मात्र कोणी सांगत नाही. युद्ध आणखी तीन वर्षे चालले आणि १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईला तह झाला, त्यात वडगावची चूक दुरुस्त केलेली दिसते. या वेळी कलकत्त्याहून वॉरन हेस्टिंग्जची मंजुरी घेतली गेली, नाना फडणविसांनीही कलम न् कलम पारखून मगच मान्यता दिली, आणि महादजी शिंदे दोन्ही बाजूंचे जामीन झाले. जो पक्ष तह मोडेल, त्याच्या विरुद्ध पक्षाला आपण मिळू, असे महादजींनी त्यात लिहून दिले होते. साष्टी इंग्रजांकडे राहिली, हे खरे. पण इंग्रजांच्या जोरावर पेशवेपद मागणाऱ्या रघुनाथरावाला मासिक २५,००० रुपयांच्या नेमणुकीवर गप्प बसवले गेले आणि इंग्रज-मराठ्यांत सुमारे २० वर्षे युद्ध झाले नाही. तलवार हाती असलेला जामीनदार शोधणे हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत शहाणपणाचे काम वाटते.

खर्ड्याच्या विजयानंतर १७९५ मध्ये निजामाकडून दौलताबादसकट मोठा मुलूख आणि ३ कोटी रुपये कबूल करून घेतले होते, म्हणजे रण आणि तह दोन्ही आपण जिंकलो होतो. त्याच वर्षी सवाई माधवराव गेले, गादीवरून आपसांत जुंपली आणि त्या भांडणात निजामाची मदत मिळवण्यासाठी मिळवलेले बरेचसे परत केले गेले.

कित्तूरबद्दल लिहिताना हात जड होतो, कारण राणी चन्नम्मांचे नाव आमच्या जिल्ह्यात मराठी घरांतही आदराने घेतले जाते. दत्तक नाकारून संस्थाने खालसा करण्यासाठी ओळखला जाणारा गव्हर्नर जनरल डलहौसी भारतात येण्याच्या २४ वर्षे आधी कंपनीने कित्तूरचे दत्तक विधान नाकारले. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरकरांनी लढाई जिंकली आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात कंपनी मोठी फौज घेऊन आली आणि किल्ला पडला. राणी बैलहोंगलला कैदेत १८२९ मध्ये वारल्या. शौर्यात इथे काडीचीही उणीव नव्हती. पण दत्तक मान्य करणारा आणि तो नाकारल्याने ज्याचा फायदा होणार, तो एकच होता. सालबाईला महादजी होते, कित्तूरला मध्ये पडणारा कोणी उरला नव्हता, कारण १८१८ नंतर दक्षिणेत तेवढ्या ताकदीची तिसरी सत्ताच राहिली नव्हती.

युक्रेनचेही असेच आहे. डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट करारात अण्वस्त्रे सोडण्याच्या बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी आश्वासने दिली, संरक्षणाची हमी दिली नाही. अण्वस्त्रांचा धाक आल्यास दाद सुरक्षा परिषदेत मागायची होती, आणि तिथे रशियाकडे नकाराधिकार आहे. चोराच्याच हाती कुलपाची किल्ली होती. याउलट भारत आणि बांगलादेश यांनी १९७४ चा सीमाकरार ४१ वर्षांनी, १०० वी घटनादुरुस्ती करून, गोळी न झाडता अमलात आणला आणि एकमेकांच्या पोटात अडकलेली १६२ बेटांसारखी गावठाणे २०१५ मध्ये बदलून घेतली.

ही गावठाणे म्हणजे काय, हे आम्हा शहापूरकरांना वेगळे समजवावे लागत नाही. बेळगाव इंग्रजांचे आणि त्याला चिकटलेले शहापूर सांगली संस्थानचे, अशी स्थिती १९४८ पर्यंत होती. आजीच्या पत्र्याच्या पेटीत घराचा एक जुना कागद आहे. कडा कसरीने खाल्ल्या आहेत, पण संस्थानचा शिक्का आणि मोडीतली चतुःसीमा शाबूत आहे, आणि ‘पूर्वेस’ या शब्दाखाली आजोबांनी पेन्सिलीने रेघ ओढली आहे. शेजाऱ्याशी भिंतीचा वाद झाला तेव्हा त्या एका रेघेवर तो मिटला होता.

उरला महाजन आयोग. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये तो नेमला गेला, १९६७ मध्ये अहवाल आला. २६४ गावे महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला आणि बेळगाव शहर कर्नाटकातच, ही त्याची शिफारस महाराष्ट्राने नाकारली. गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या या तत्त्वांवरच निकाल द्यायचा, असे दोन्ही राज्यांकडून आधी लिहून घेतले गेले नव्हते. वडगावला अधिकाराची खात्री करायची राहिली, इथे कसोटीची. यावरून कागद सोडायचा असे ठरत नाही. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या दाव्यात पुरावाच बोलणार आहे. घटनेचे ३५०-अ कलम मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकते, पण अर्जाची पोच हातात नसेल तर त्या कलमाचा आधार तरी कशाच्या जोरावर घेणार? माझा मराठी उताऱ्याचा अर्ज एका कचेरीत दोनदा तोंडी नाकारला गेला. तिसऱ्यांदा मी लेखी उत्तर मागितले, तेव्हा आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मिळाला. तो कागद मी आजीच्या त्याच पेटीत ठेवला आहे.