‘हिरडीतल्या सुईने डोळ्याची नस मरते’ म्हणे!

गेल्या आठवड्यात पारोळ्याकडच्या एका खेड्यातून एक बाबा दवाखान्यात आले. गाल टम्म सुजलेला, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. खुर्चीत टेकायच्या आधीच अट घातली, “सुई नका देऊ, तशीच उपटा.” का विचारलं तर नातवाने मोबाइल पुढे केला. मेसेज असा: ‘दाढ काढताना देतात त्या इंजेक्शनने डोळ्याची नस मरते. बीपी-शुगरवाल्यांचं हार्ट बंद पडतं. एकदा चक्कर आली म्हणजे अ‍ॅलर्जी, परत कधीच घेऊ नका. गाल कायमचा बधीर होतो. जनहितार्थ पुढे पाठवा.’

मी रोज दाढा काढतो, म्हणून जनहितार्थच उत्तर देतो.

आधी डोळा. वरच्या दाढेचं दुखणं मेंदूकडे नेते ती पाचवी नस, दृष्टीची नस दुसरी. दोघींच्या वाटा वेगळ्या. क्वचित औषध आजूबाजूला पसरून पापणी जड होते किंवा थोडा वेळ एकाचे दोन दिसतात. भूल उतरली की तेही जातं. कायमची इजा फारच विरळा. खरी गंमत वेगळीच आहे. आपल्याकडे दाढा हलायचं वय आणि मोतीबिंदूचं वय एकच, त्यामुळे नजर मंदावली की आळ दाढेवर!

हार्टचा मुद्दा मात्र उडवून लावण्यासारखा नाही. या सुईत बहुतेक वेळा लिग्नोकेन असतं. स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालेलं, १९४८ पासून बाजारात असलेलं हे औषध. त्यात चिमूटभर अ‍ॅड्रिनलिन घालतात, म्हणजे तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी जातं आणि औषध जागेवर टिकतं. त्यातलं थोडं रक्तात गेलं तर छातीत धडधडतं, हात थरथरतात, पण काही मिनिटांत शांत होतं. म्हणून तर सुई टोचल्यावर आम्ही दट्ट्या जरा मागे ओढून बघतो. सिरिंजमध्ये लाल दिसलं की जागा बदलतो. आणि बधीर न करता दाढ उपटली तर कळ सोसताना शरीर स्वतःच अ‍ॅड्रिनलिन सोडतं, तेही भरपूर. ताब्यातल्या बीपीला त्या सुईपेक्षा ही कळ महाग पडते. शुगरवाल्यांनी तर उपाशीपोटी येऊ नये, एवढंच.

चक्कर म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. सुई बघूनच घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, धडधाकट पैलवानसुद्धा कलंडतो. आडवं करून पाय वर धरले की दोन मिनिटांत माणूस विचारतो, “काय झालं व्हतं?” खरी अ‍ॅलर्जी म्हणजे अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, श्वास लागणं. लिग्नोकेनची अशी अ‍ॅलर्जी दुर्मीळ; कित्येकदा ती बाटलीत घातलेल्या टिकवण-द्रव्याची निघते.

गाल तीन ते पाच तास बधीर राहतो. जीभ किंवा ओठ महिनोन्‌महिने मुंग्यांनी भरल्यासारखे राहिल्याची उदाहरणं आहेत, पण फार थोडी, आणि त्यातलीही बरीच हळूहळू बरी होतात. रोजचा घोटाळा साधाच असतो. घरी जाऊन लगेच शेवभाजीचा कढत रस्सा ओरपला की ओठ भाजतो, आणि कळतही नाही. पोरं तर मजा म्हणून ओठ चावून रक्तबंबाळ करतात.

ज्याची खरी भीती बाळगायची, ते मेसेजमध्ये नाहीच. ते म्हणजे मात्रा. २ टक्के औषधाच्या एका मिलीत २० मिलिग्रॅम लिग्नोकेन. मोठ्या माणसाच्या एका दाढेला दोनेक मिली, म्हणजे ४० मिलिग्रॅम. अ‍ॅड्रिनलिनसह मर्यादा वजनाच्या किलोमागे साधारण ७ मिलिग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला ३५०. भरपूर जागा आहे. पण पंधरा किलोच्या पोराला किलोमागे कमीच, ४.४ धरलं तर ६६ मिलिग्रॅम, जेमतेम तीन मिली! एकाच दिवशी चारही बाजूंचे दात उरकायचा आग्रह आईबाप धरतात, तो म्हणूनच आम्ही मोडतो. मर्यादा ओलांडली तर ओठांभोवती मुंग्या, तोंडात लोखंडाची चव, कानात गुणगुण, पुढे झटके आणि मग हृदय. यातलं काहीही जाणवलं तर त्याच क्षणी हात वर करायचा.

बाबांचं बीपी मोजलं, १९०/११०. “गोळी चालू आहे का?” “नाही.” नातवाने हळूच त्यांच्या बंडीच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. मेसेज वाचून लपवली होती! त्या दिवशी दाढ काढलीच नाही. पू धरलेल्या जागी तसंही औषध नीट चढत नाही, आणि लोक म्हणतात ‘मला सुई लागतच नाही’. फिजिशियनकडे पाठवलं, सोबत अँटिबायोटिक दिलं. पाचव्या दिवशी सूज उतरलेली, बीपी १४०/८६. सुई दिली, दाढ निघाली. बाबा आरशात बघत ओठ चाचपत होते.

“मन्हा व्हट कोठे गया रे भो?”

“आठ वाजल्यानंतर येईल परत,” मी म्हटलं. “तोवर शेवभाजी नको.”