बारा जूनची धून

आज 12 जून, फिलिपिन्सचा स्वातंत्र्यदिन. जहाजावरची नोकरी सोडून मला आता काही वर्षं झाली, पण ही तारीख आली की आमची जेवणाची मेसरूम डोळ्यांपुढे उभी राहते. क्रूमध्ये निम्म्याहून जास्त फिलिपिनो. कुकने पहाटेच गॅलीत पान्सितच्या शेवयांची तयारी सुरू केलेली. जेवणाआधी सगळे छातीवर हात ठेवून ताठ उभे राहिले आणि मोबाइलवर त्यांचं राष्ट्रगीत लागलं. डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आमचा बोसन, शब्द म्हणत होता, पण त्याची डाव्या हाताची बोटं मांडीवर सारखी ठेका धरत होती. तरुणपणी तो गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. नंतर मला हुद्द्यावरून हाक मारत म्हणाला, "सेकंड, हे आधी गाणं नव्हतंच. नुसता मार्च होता, त्यावर पावलं टाकत चालायचा."

हे सगळं आज लिहितोय कारण परवा एका मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, फिलिपिन्सच्या राष्ट्रगीतात स्पेनच्या राजाच्या मार्चचे सूर आहेत, म्हणजे ती गुलामीची खूण, टाकून द्यायला हवी. सूर आहेत हे खरं. टाकून द्यावेत हे मला अजिबात पटत नाही.

ही धून रचली हुलियान फेलिपेने. कावितेचा संगीतकार. स्पेनच्या राजवटीविरुद्धच्या 1896 च्या उठावात स्पॅनिशांनी त्याला तुरुंगात डांबलं होतं. 1898 च्या जूनमध्ये क्रांतीचा नेता आगिनाल्दो याने त्याला मार्च करायला सांगितलं आणि हातात जेमतेम आठवडा दिला. 12 जूनला कावित गावात आगिनाल्दोच्या घरासमोर हाँगकाँगमध्ये शिवून आणलेला झेंडा फडकला आणि सान फ्रान्सिस्को दे मालाबोनच्या बँडने ती धून वाजवली. शब्द नाहीत, नुसती वाद्यं. स्पेनची आठवण राहावी म्हणून त्यांच्या राजमार्चचे थोडे सूर आपण मुद्दाम घेतले, असं फेलिपेनेच सांगितल्याची नोंद आहे. ज्याने त्यांचा तुरुंग भोगला तो माणूस हे करतो, तर त्याला लाचार कसं म्हणायचं? ते वादक तरी कुठे शिकले होते? स्पॅनिश काळातल्या चर्चच्या आणि पलटणींच्या बँडमध्ये. गोव्यातही पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक पुढे मुंबईच्या बँडमध्ये आलेच की. शिकवणारा कुणीही असो, वाद्यात फुंकर मारणारा श्वास त्या वादकाचाच असतो.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. त्या दिवशीच्या जाहीरनाम्यात अमेरिकेच्या छत्राखाली स्वातंत्र्य जाहीर करतो असं लिहिलं होतं. सहा महिन्यांत, डिसेंबर 1898 मध्ये, स्पेनने 2 कोटी डॉलर घेऊन अख्खा देश त्याच अमेरिकेला देऊन टाकला. फेब्रुवारी 1899 मध्ये फिलिपिनो आणि अमेरिकन यांच्यात युद्ध पेटलं. त्या युद्धाच्या धामधुमीत होसे पाल्मा या तरुण सैनिक-कवीने धुनीला स्पॅनिश शब्द दिले. 1907 मध्ये अमेरिकन सत्तेने क्रांतीच्या झेंड्यावर बंदी घातली, त्याबरोबर ही धूनही चारचौघांत वाजेनाशी झाली. बंदी उठली 1919 मध्ये.

मधल्या काळातली एक गोष्ट वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिलो होतो. क्रांतिकारकांना हुडकायला अमेरिकनांनी जी कॉन्स्टॅब्युलरी, म्हणजे सशस्त्र पोलिस दल, उभारली, तिचा फिलिपिनो वादकांचा एक उत्तम बँड होता. वॉल्टर लव्हिंग या कृष्णवर्णीय अमेरिकन अधिकाऱ्याने तो घडवला. 1904 च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्या बँडला मानसन्मान मिळाला, आणि त्याच प्रदर्शनात फिलिपिन्सच्या डोंगराळ भागातल्या इगोरोत माणसांना झोपड्या बांधून देऊन बघ्यांपुढे बसवलं होतं. 1909 च्या मार्चमध्ये अमेरिकेचा नवा राष्ट्राध्यक्ष टाफ्ट याच्या शपथविधीला हाच बँड वॉशिंग्टनला वाजला. तेव्हा त्या वादकांच्याच देशात त्यांचाच झेंडा बंदीत होता. कुणाला वसाहतवादाचा डाग दाखवायचा असेल तर तो इथे दाखवावा. फेलिपेच्या चार सुरांत काय शोधताय?

आणि लोकांनी ती धून सोडली नाही हे सगळ्यात महत्त्वाचं. 1930 च्या दशकात तिला अधिकृत इंग्रजी शब्द आले, 1956 मध्ये फिलिपिनो शब्द आले, चाल तीच राहिली. 1998 च्या कायद्याने ती फेलिपेच्या रचनेप्रमाणेच वाजली पाहिजे असं ठरवून टाकलं. 2009 मध्ये लास व्हेगासला फिलिपिनो बॉक्सर मॅनी पॅक्याओच्या लढतीआधी ती संथ लयीत सुरू झाली, तर फिलिपिन्सच्या राष्ट्रीय इतिहास संस्थेने जाहीर हरकत घेतली. मला ती हरकत योग्य वाटते. चालायची धून आहे ती, तिला आळवत बसू नये.

मात्र त्यांच्या शाळांत मुलांना हे सूर कुठून आले तेही सांगितलं पाहिजे. आमच्या बोसनला ते त्याच्या बँडमास्तरने सांगितलं होतं. त्या दिवशी ताटं उचलल्यावर त्याने मला दोन्ही गुणगुणून दाखवले. आधी स्पेनचा, मग त्यांचा. "ऐकलंत ना, सेकंड? कुठे जुळतं कळलं?"

मला पहिल्यांदा कळलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं, या वेळी टेबलावर बोटांनी ठेका देत, जरा चढ्या लयीत. सिंकपाशी भांडी विसळणारा कुकही त्याच ठेक्यावर डोलायला लागला.