किट जोडू नका, नावं ठेवा

परवा एक ओळखीतला मुलगा म्हणाला, काका मला प्लॅस्टिकच्या मॉडेल कारचा नाद लागलाय, सुरुवात कशी करू, आणि बिचाऱ्याच्या हातात ऑलरेडी कटर आणि ग्लूची बाटली होती. मी आधी ते दोन्ही काढून घेतलं. सगळे इथेच चुकतात हो. किट, म्हणजे डब्यातले गाडीचे सुटे भाग, जोडणं हा या छंदातला सगळ्यात खालचा प्रकार, ते बारा वर्षांचं पोरगंही करतं. खरा जाणकार डबा हातात घेतो, उलटा करतो, कडेला बारीक अक्षरात छापलेलं साल वाचतो आणि "हं, रीइश्यू", म्हणजे जुनंच किट परत काढलंय, असं म्हणून खाली ठेवतो. त्या "हं"वर मी स्वतः चार वर्षं मेहनत घेतलीय, तो नाकातून यायला पाहिजे.

थोडा इतिहास पाठ करून ठेवा, भांडताना लागतो. मी राहतो मिशिगनमध्ये, ट्रॉयला. इथे आपली मराठी मंडळी भरपूर, बरीचशी गाड्यांच्याच धंद्यात, आणि तरी त्यातल्या कुणाला माहीत नसतं की एएमटी ही किटची कंपनी मूळची याच गावातली. १९४८ च्या सुमारास शोरूमवाल्यांना वाटायला अ‍ॅल्युमिनियमच्या छोट्या गाड्या बनवायला लागले, नावच अ‍ॅल्युमिनियम मॉडेल टॉईज. मग प्लॅस्टिक आलं, आणि १९५८ पासून थ्री-इन-वन किट, म्हणजे एका डब्यात एकच गाडी, पण कंपनीतून आली तशी जोडा नाहीतर कस्टम करा नाहीतर रेसिंगची करा. दीड-दोन डॉलरला मिळायचं. हा दीड डॉलर नीट लक्षात ठेवा, आजचं किट तीस-पस्तीस डॉलरला दिसलं की लगेच काढायचा. तेव्हा पेट्रोल कितीला होतं, पगार किती होता असं कोणी विचारलं तर त्याला म्हणायचं, विषय भरकटवू नका.

आता मुख्य काम, मागणी करणे. सतत काहीतरी जुनं मागत राहायचं, आणि मागायचं ते असं की जे येऊच शकत नाही. यासाठी मोल्डचं, म्हणजे ज्यातून हे भाग काढतात त्या साच्याचं, थोडं ज्ञान हवं, आणि मी पोटापाण्यासाठी बंपरचे मोल्डच बघतो त्यामुळे मला इथे फुकटचा भाव खाता येतो. साठच्या दशकात दर वर्षी खऱ्या गाडीचं नवं मॉडेल आलं की किटही नवं लागायचं, आणि स्टीलचा नवा मोल्ड म्हणजे केवढा खर्च, मग काय, गेल्या वर्षीचाच मोल्ड घ्यायचा, ग्रिल आणि दिव्यांच्या जागी धातू कोरायचा किंवा भरायचा, झालं नवं किट. म्हणजे १९६४ ची गाडी कापून १९६५ ची, ती कापून १९६६ ची. पुढे त्यातल्या काहींच्या चाकांवरच्या कमानी कापून मोठ्या केल्या आणि रेसच्या गाड्या काढल्या. कापलेलं स्टील काही परत उगवत नाही. तर तुम्ही नेमकी १९६४ चीच मागायची. "कंपनीला आमच्या भावना कळत नाहीत" हे वाक्य सोबत जोडायचं, बाकी काही नाही जोडलं तरी चालेल.

पण सावध राहा, कधीकधी ते खरंच आणतात! इंडियानातल्या साऊथ बेंडची राऊंड टू, जिच्याकडे आता एएमटी आणि तशीच दुसरी जुनी किट कंपनी एमपीसी दोन्ही आहेत, त्यांनी काही हरवलेल्या गाड्यांची जुनी किटं स्कॅन करून चक्क नवे मोल्ड बनवले. आपली पंचाईत. अशा वेळी घाबरायचं नाही. जुन्या मोल्डमधून काढलं तर "शिळ्या कढीला ऊत", नव्या मोल्डमधून काढलं तर "ती मूळची मजा नाही". जुन्यात फ्लॅश आला, म्हणजे मोल्डचे दोन भाग झिजून फटीतून प्लॅस्टिकचा पापुद्रा बाहेर आला, की म्हणायचं कंपनी झोपलीय. नव्यात फ्लॅश नसला की म्हणायचं, जरा जास्तच गुळगुळीत वाटतंय नाही?

मग छत. छताबद्दल बोलल्याशिवाय तुम्हाला कोणी जाणकार मानणार नाही. कुठलंही किट असो, छत अर्धा मिलिमीटर खाली आहे असं म्हणायचं. पंचवीसास एक या स्केलला अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर साडेबारा, म्हणजे टायरमधली हवा जरा कमी झाली तर सगळी गाडीच तेवढी खाली बसेल, पण हे आपण बोलायचं नाही. पॉलिस्टायरीन थंड होताना अंदाजे अर्धा टक्का आकसतं, वीस सेंटिमीटरच्या बॉडीत एक मिलिमीटर, मोल्डवाले तो हिशेब धरूनच स्टील कापतात. तुम्ही मात्र प्लॅस्टिकची पट्टी लावून मोजा. पट्टी चिनी असली तरी चालेल. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, आपल्याला नाचायचंच नाहीये, फक्त अंगण मोजायचंय.

स्केलचा वादही पेटता ठेवा. मोनोग्राम कंपनीच्या बऱ्याच गाड्या चोविसास एक, एएमटीच्या पंचविसास एक. पाच मीटरची गाडी एकीकडे २०८ मिलिमीटर आणि दुसरीकडे २०० भरते, आठ मिलिमीटरचा फरक, शेल्फवर शेजारी ठेवल्या की एक गाडी दुसरीची थोरली बहीण दिसते. यावर माणसं आयुष्यभर बोलत नाहीत एकमेकांशी. छान असतं ते.

दुर्मिळ गाडीचं नाव टाकायचं असेल तर माझ्याकडून घ्या, डेट्रॉइटच्या जो-हॅन या किट कंपनीची क्रायस्लर टर्बाइन. खऱ्या गाड्या क्रायस्लरने ५५ बनवल्या, काही वर्षं लोकांना चालवायला दिल्या आणि मग बहुतेक सगळ्या भंगारात दाबल्या, नऊ उरल्या. हे ऐकून एवढं वाईट वाटत नाही जेवढं त्या किटचे मोल्ड आता कुठे पडलेत या विचाराने वाटतं. हे मी उपरोधाने लिहिलंय असं मला लिहिताना वाटत होतं, आता तेवढी खात्री नाही.

एकदा मीही मोह आवरला नाही आणि सत्तरच्या दशकातला एक सीलबंद डबा फोडला. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. चाळीस वर्षांत व्हिनाइलच्या टायरमधलं तेलकट काहीतरी पाझरून समोरच्या काचेवर उतरलं होतं, आणि टायर काचेत असा रुतला होता जसा गरम तव्यावर विसरलेला प्लॅस्टिकचा झारा. काढला तर काचेवर टायरच्या नक्षीचा ठसा, खाच न खाच मोजता येईल असा. डिकॅल, म्हणजे गाडीवर चिकटवायची चित्रं, पिवळे पडलेले, ते पिशवीत घालून दक्षिणेकडच्या खिडकीला टेपने लावले, उन्हाने उजळतात म्हणून. आई तेव्हा साताऱ्याहून आली होती, आठवडाभर बघत होती, शेवटी म्हणाली, "अरे, नजर लागू नये म्हणून लावलंयस का?" एका अर्थी हो. तर डबा फोडू नका. न फोडलेल्या डब्यात टायर वितळलाय की नाही हे कोणालाच कळत नाही आणि किंमत तेवढीच राहते.

घरी काय सांगायचं? "इन्व्हेस्टमेंट आहे." बायकोने विचारलं की मग विकत का नाही, तर म्हणायचं, मार्केट अजून तयार नाही. २०१८ मध्ये रेव्हेल या मोठ्या किट कंपनीची मालक हॉबिको दिवाळखोरीत गेली, रेव्हेल जर्मनांकडे गेली, बरेच जुने मोल्ड न्यूयॉर्कच्या अटलांटिसने उचलले. आम्ही महिनाभर सुतक पाळलं, आता सगळं संपलं म्हणून. मग अटलांटिसने तीच किटं परत काढली आणि आम्ही सगळे म्हणालो, परत तेच?

शेवटचं, एस्टेट सेल. इकडे माणूस गेला की घरातलं सगळं घरातच मांडून विकतात. शनिवारी सकाळी लवकर जायचं, सरळ बेसमेंटमध्ये उतरायचं. भिंतभर डबे असतील, दोनशे, तीनशे, सगळ्यांवरचं प्लॅस्टिक तसंच, एका टेबलावर कोरा ब्रश, न उघडलेला रंग आणि टेबललॅम्प. वर जिन्यापाशी त्यांची बायको खुर्चीत बसलेली असते, ती म्हणते, रिटायर झाल्यावर जोडणार होते. तुम्ही एक डबा उचला, उलटा करा, कडेचं साल वाचा. "हं, रीइश्यू." मग पाचला एक म्हणत असतील तर दहाला तीन होतात का विचारा.