पांडवलेण्यांबद्दल काकांना उत्तर

काका, सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत. रागही पोचला. चाळीस वर्षं नाशकात काढली, पांडवांनी एका रात्रीत डोंगर कोरला आणि कोंबडा आरवल्यावर काम टाकून निघून गेले हे आजीकडून ऐकलं, आणि मी लेण्यांवरच्या माझ्या लेखातल्या एका परिच्छेदात ही गोष्ट भाकडकथा ठरवून आजीला खोटं पाडलं, असं तुमचं म्हणणं.

'भाकडकथा' हा शब्द माझा चुकलाच. काढून टाकलाय. पायऱ्या चढताना मी कुरकुर करू नये म्हणून मामीने मलाही हीच गोष्ट सांगितली होती!

पण "माणसांनीच कोरली, याला पुरावा काय?" असं विचारलंत, तर तो तिथेच भिंतीवर आहे. दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत ब्राह्मी या जुन्या लिपीतल्या ओळी दिसतात. नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात त्यात हिशेब मांडतो: लेणं बौद्ध भिक्खूंच्या संघाला दिलं, आणि सोबत ३००० कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, जवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे ठेवली. २००० दरमहा शेकडा एक दराने, १००० पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, नुसतं व्याज वापरायचं. त्यातल्या २००० च्या व्याजातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापणं. आता २००० चं वर्षाचं व्याज काढा: २४०. आणि वीस बारे? पैचा फरक नाही. मी हे पहिल्यांदा ताडून पाहिलं तेव्हा लेण्यातच हसू फुटलं. अगदी आपल्या सोसायटीच्या ठेवीसारखं.

सगळं राजघराण्याचंच आहे असंही नाही. अठरा नंबरच्या चैत्याच्या, म्हणजे प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भागावर धंभिक गावाचं दान कोरलंय. अख्ख्या गावाचं.

मग पांडव कुठून आले? माझा अंदाज सांगतो. ही लिपी वाचणारे कधीच संपले होते. ती पुन्हा उलगडली थेट १८३७ च्या सुमारास, जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने. मधली कित्येक शतकं लोक या अक्षरांसमोर नुसते उभे राहिले. एवढा कातळ फोडणारा त्यांच्या ओळखीचा एकच होता, भीम. आजी खोटं बोलत नव्हती हो, तिला वाचून दाखवणारं कोणी नव्हतं.

राहिलं नाव. शिलालेखांत डोंगराचं नाव त्रिरश्मी आहे, म्हणून लेखाच्या शीर्षकात आता तेही घातलंय. 'पांडवलेणी' मात्र काढलेलं नाही. रिक्षावाल्याला त्रिरश्मी सांगून पाहिलं मी, त्याने मागे वळून विचारलं, "कोणती कॉलनी?"