अकोल्याची गच्ची आणि फिनिक्सचं पांढरं छप्पर

दर मार्चला आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच वाद निघतो, अकोल्याच्या घरी वरच्या खोलीत एसी बसवायचा की गच्चीला पांढरा रंग मारायचा. यंदा मी रंगाच्या बाजूने बोललो तर चुलतभाऊ म्हणाला, तू तिकडे एसीत बसून आम्हाला सांगू नको. लागलं मला, पण त्याचं निम्मं खरंय म्हणून सविस्तर लिहितोय.

मी राहतो अ‍ॅरिझोनात, फिनिक्सला. 2023 च्या उन्हाळ्यात इथे सलग 31 दिवस पारा 43 च्या वर होता, एसीशिवाय इथे भागत नाही हे कबूल. पण माझ्या घराचं सपाट छप्पर फोमचा थर देऊन वरून पांढरं कोटिंग केलेलं आहे, गल्लीत अशी बरीच छपरं दिसतात, म्हणजे ऊन आधी वरच्यावर परत पाठवायचं आणि उरलेलं एसीने बघायचं. शेजारच्या कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिसने तर 2013 च्या डिसेंबरातच नव्या घरांना कूल रूफ, म्हणजे असं ऊन परत पाठवणारं छप्पर, कंपल्सरी करायचा निर्णय घेतला.

अकोल्यात 2024 च्या मे महिन्यात उन्हापायी कलम 144 लावलं होतं, आठवतंय ना? आमचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दोन-तीन वाजेपर्यंत खाली आग ओकतो, पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर. बाबा संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचे, पण नळाला रोज पाणी नसतं तिथे किती मारणार.

दोन वर्षांपूर्वी मी मे मध्येच गेलो होतो तेव्हा कळीचा चुना रात्रभर पिंपात भिजवला, गाळून त्यात फेविकॉल घातलं आणि झाडूने दोन हात दिले. चुना अर्ध्या गच्चीतच संपला. दुसऱ्या दिवशी दुपारी 3 वाजता अनवाणी गेलो तर उघड्या सिमेंटवर पाय टेकवेना आणि पांढऱ्या भागावर उभं राहून मी दोरीवरचे सगळे कपडे काढले. खाली आईची खोली होती, त्या आठवड्यात ती गच्चीवर झोपायला गेली नाही.

भाऊ म्हणतो चुना पावसात धुऊन जातो, शेवाळ धरून काळा पडतो. बरोबर आहे, फिनिक्सला पाऊस अगदी कमी म्हणून कोटिंग वर्षानुवर्षं टिकतं, आपल्याकडे दरवर्षी होळीच्या आसपास परत मारावा लागणार. पण आजोबांच्या धाब्याच्या घरावर तरी काय, दर पावसाळ्याआधी नवी माती टाकतच होते की! त्या जाड मातीखाली दुपारी झोप लागायची. ते पाडून आपण पाच इंचाचा स्लॅब टाकला आणि वरचं दरवर्षीचं काम सोडून दिलं.

आणि खरा प्रश्न आमच्या घराचा नाहीच, आम्ही एसी घेऊ शकतो. मागच्या गल्लीतल्या काकू टिनाखाली राहतात, कूलरचं बिल त्यांना झेपत नाही. तेलंगणाने 2023 मध्ये कूल रूफ पॉलिसी आणली, सरकारी आणि कमर्शियल इमारतींना सक्तीची. मला आपल्याकडे त्याच्याही पुढचं हवंय, घरकुलाच्या हप्त्यातच छपराच्या पांढऱ्या कोटिंगचे पैसे धरलेले हवेत, कारण ज्याच्याकडे एसी नाही त्याला ते आधी लागतं.

भावाला मी कळवलंय, यंदा पूर्ण गच्चीचा चुना मी पाठवतो आणि काकूंच्या टिनासाठी पत्र्याला धरणारं पांढरं कोटिंग वेगळं आण, चुना टिनावर टिकत नाही. माणूस आत्ताच सांगून ठेव म्हटलं, एप्रिल लागला की दुपारी वर चढायला कोणी तयार होत नाही.