आधी माफीनामा, मग चौकशी : हा उलटा क्रम बंद करा

कॉलेजात मारामारी झाली, कोणी शिक्षकांना उलट बोललं, की पहिलं काय होतं? मुलाला केबिनमध्ये उभं करतात, कोरा कागद पुढे सरकवतात आणि मजकूर सांगतात : "माझ्याकडून चूक झाली. पुन्हा असे घडल्यास कॉलेज देईल ती शिक्षा मला मान्य राहील." सही, तारीख, विषय संपला. चिपळूण असो की सावंतवाडी, मजकूर तोच.

या कागदाचा उपयोग शून्य. नेमकी चूक काय, कधी, कुठे, कोणाशी, यातलं त्यात काहीच नसतं. पुढे तोच मुलगा खरोखर कोणाचं डोकं फोडतो, कॉलेज नाव काढून टाकतं, पालक वकील गाठतात. फाइलमध्ये निघतात दोन माफीनामे आणि एक आदेश. नोटीस नाही, खुलासा नाही, साक्षीदाराचा जबाब नाही. मग मुलगा दोषी असूनही आदेश कोर्टात टिकणं कठीण. घनश्याम दास गुप्ता प्रकरणात 1962 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कॉपीच्या आरोपावरून निकाल रद्द करायचा तरी आधी बाजू मांडायची संधी द्यायला हवी.

"पण साक्ष द्यायला मुली घाबरतात हो!" खरंय. त्यावरही उत्तर आहे. हीरानाथ मिश्र प्रकरणात (1973) वसतिगृहातल्या मुलींचे जबाब आरोपी मुलांच्या गैरहजेरीत घेतले होते, नावंही दिली नव्हती. न्यायालयाने ते मान्य केलं, कारण आरोप काय हे मुलांना कळवून खुलासा मागवला होता. नाव झाकता येतं, आरोप झाकता येत नाही.

म्हणून नोटीस नीट लिहा. "आपले वर्तन शिस्तीला धरून नाही" ही नोटीस नव्हे. "दि. 12 रोजी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास ग्रंथालयाच्या जिन्यात अमुक विद्यार्थ्याला ढकलले, त्याच्या डाव्या मनगटाला दुखापत झाली, माहितीपुस्तिकेतील नियम क्र. 7 चा भंग" ही नोटीस. खाली खुलाशाची मुदत, सुनावणीची तारीख, सोबत तक्रारीची प्रत. जावक क्रमांक टाका, पोच घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर टाकूच नका. ती बदनामी होते, बजावणी नाही.

आपल्याकडचा खास घोळ सुनावणीच्या वेळेचा. चारला बोलावतात, पाचला सुरू होते, आणि गावाकडची वस्तीची एसटी चुकेल म्हणून मुलगी दिसेल त्यावर सही करून पळते. वडील मुंबईला, घरी आई आणि आजी. गणपतीच्या सुट्टीत बोर्डावर नोटीस लावून "हजर राहिला नाही" असा शेरा मारणं हा तर शुद्ध चावटपणा. सकाळी अकराची वेळ द्या, पालकांना निदान आठवडा द्या.

समितीत तक्रारदार शिक्षक नको. स्टाफ लहान असतो, मान्य. मग शेजारच्या कॉलेजातून एक प्राध्यापक मागवा.

चौकशीपुरतं निलंबन ही शिक्षा नव्हे, तेव्हा आदेशात शेवटची तारीख हवीच. "पुढील आदेशापर्यंत" लिहून मोकळं झालात तर 75 टक्के हजेरी तिथेच बुडते. ते दिवस हजेरीच्या हिशेबातून वगळल्याचं त्याच आदेशात लिहा. आणि हॉल तिकीट किंवा मूळ दाखला अडवून दंड वसूल करू नका.

दोन ठिकाणी मात्र "आपसात मिटवा" चालत नाही. रॅगिंगची लेखी तक्रार आली की महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्याने प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर निलंबन आणि तक्रार पोलिसांकडे. टाळाटाळ केली तर प्राचार्यच अपप्रेरणेचे, म्हणजे गुन्ह्याला साथ दिल्याचे, धनी. गुन्हा सिद्ध झाल्यास त्या विद्यार्थ्याला पाच वर्षं दुसरीकडेही प्रवेश नाही. लैंगिक छळाची तक्रार शिस्त समितीकडे नाहीच, ती अंतर्गत तक्रार समितीकडे. चौकशीला मुदत 90 दिवस.

पालकांनो, बाकी बाबतींत अन्याय वाटला तर पुढाऱ्याला फोन करण्याआधी लेखी अर्ज द्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिथे समाधान झालं नाही तर पुढच्या 15 दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर कार्यालयाचा शिक्का आणि तारीख घेऊनच बाहेर पडा.