खाटांआधी रुग्णालयाच्या दाराचा विचार व्हावा
हल्ला किंवा स्फोटासारख्या मोठ्या दुर्घटनेसाठी रुग्णालयांनी करायच्या तयारीवरचा हा लेख चांगला आहे, पण सगळा भर रुग्णवाहिका, खाटा आणि औषधांच्या साठ्यावर दिलाय. रुग्णालयाच्या दारात काय होतं, यावर जेमतेम दोन ओळी आहेत. खरी कसोटी तिथेच लागते.

२० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हे विष सोडलं गेलं, तेव्हा बहुतेक बाधित लोक रुग्णवाहिकेची वाट न बघता पायी, टॅक्सीने, मिळेल त्या गाडीने रुग्णालयात पोहोचले. एकट्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या दिवशी सुमारे ६४० जण आले. विष कोणतं हे सुरुवातीला कळलंच नव्हतं. लोकांना अंगावरच्या कपड्यांसकट आत घेतलं आणि त्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेने डॉक्टर-परिचारिकांनाही त्रास सुरू झाला, डोळे दुखायला लागले, नजर अंधुक झाली. बाहेरच कपडे उतरवून अंग धुवायची सोय असती तर यातलं बरंच टळलं असतं.

स्फोटानंतर आधी येतात ते बहुधा किरकोळ जखमी, कारण त्यांना चालता येतं. खाटा त्यांनीच भरल्या तर मागून येणाऱ्या अत्यवस्थ माणसाला कुठे ठेवणार? म्हणून ट्रायाज, म्हणजे कोणावर आधी उपचार करायचे याची निवड, करणारा अनुभवी डॉक्टर दारातच उभा हवा. वाचण्याची आशा नसलेल्याला काळी पट्टी बांधताना भल्याभल्यांचा हात धजावत नाही, ते सरावाशिवाय जमत नाही. आणि हा सराव न कळवता, रात्री, अपुऱ्या माणसांत घ्या. रक्तस्राव थांबवणारे टूर्निके तर पोलिसांकडे आणि स्थानकावरच्या कर्मचाऱ्यांकडेही हवेत. मांडीतली मोठी धमनी तुटली की माणूस काही मिनिटांत जातो, रुग्णवाहिका तेवढ्यात पोहोचत नाही.